लीडरचा सुपरवायझर झालात? आधी कामाची वाटणी समजून घ्या

वाळूजमधल्या एका व्हेंडर कंपनीच्या, म्हणजे मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीच्या, मशीन शॉपमध्ये मी पाच वर्षं ऑपरेटर होतो, चार वर्षं लाईन लीडर होतो आणि गेली तीन वर्षं सुपरवायझर आहे. गाव गेवराई तालुक्यातलं, शिक्षण आयटीआय टर्नर. बढती झाली त्या दिवशी एचआरने हातात पत्र दिलं. त्यात पद, तारीख आणि पगार एवढंच होतं. कालपर्यंतचं कोणतं काम सोडायचं आणि आजपासून कोणतं धरायचं, याबद्दल एक ओळ नव्हती. पुढचे तीन महिने मी दोन्ही कामं करत राहिलो आणि दोन्ही अर्धवट झाली.

वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, पैठण, नाहीतर जालना-लातूरची एमआयडीसी घ्या. शॉप फ्लोअरवरचे कितीतरी सुपरवायझर याच वाटेने वर आलेले दिसतील. हाताला काम चांगलं म्हणून लीडर केलं, लाईन चांगली चालवली म्हणून सुपरवायझर केलं. मधल्या मध्ये कामाचा प्रकारच बदलतो, हे कोणी बसवून सांगत नाही. ज्यांच्या हातात असं पत्र नुकतंच पडलंय किंवा पडणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

१. पदाचं नाव बाजूला ठेवा, काम बघा

एका कंपनीत ज्याला टीम लीडर म्हणतात त्याला दुसरीकडे सेल लीडर म्हणतात, तिसरीकडे लाईन इनचार्ज. काही छोट्या युनिटमध्ये तर पगार न वाढवता सरसकट सगळ्यांना सुपरवायझर म्हणून मोकळे होतात. म्हणून आधी स्वतःला हे पाच प्रश्न विचारा:

- रजेच्या अर्जावर सही कोणाची चालते?
- माणूस एका लाईनवरून दुसऱ्या लाईनवर कोण हलवतो?
- माल गेटवर थांबवायचा अधिकार कोणाला आहे?
- वर्षाच्या शेवटी कामगाराच्या मूल्यमापनाच्या फॉर्मवर कोण लिहितो?
- अपघात झाला तर रिपोर्ट कोणाच्या नावाने जातो?

बहुतेक उत्तरं 'मी' अशी आली, तर तुमच्या टोपीचा रंग कोणताही असो, तुम्ही सुपरवायझर आहात. एकही आलं नाही, तर तुम्ही लीडर आहात, आणि त्यात कमीपणा काही नाही. चांगला लीडर मिळणं चांगला सुपरवायझर मिळण्यापेक्षा अवघड आहे, हे मी आता अनुभवाने सांगतो.

आमच्या बीडकडच्या माणसाला हा फरक ऊसतोडीच्या टोळीवरून लगेच कळतो. टोळीत एखादा जाणता गडी असतो. तो सगळ्यांबरोबर ऊस तोडतो, नव्या कोयत्याला (ऊसतोड मजुराला) मोळी बांधायला शिकवतो, कोण मागे पडलं ते बघतो. टोळी आणणाऱ्या मुकादमाचं वेगळं. उचल, म्हणजे मजुरांना आधी दिलेले पैसे, त्याच्या नावावर लिहिलेली असते. हंगामाच्या मध्यात एक कोयता निघून गेला तर जाब मुकादमाला विचारतात, जाणत्या गड्याला नाही. मुकादमकीत वाईट गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्यातली एकही कंपनीत आणायची नाही. इथे घ्यायचं ते एवढंच, की जाब कोणाला विचारतात ते बघा.

लीडरला जाब विचारतात तो कामाचा: आजच्या शिफ्टमध्ये या लाईनवर किती पीस निघाले, किती रिजेक्ट झाले, मशीन का थांबलं. सुपरवायझरला विचारतात तो माणसांचा, नोंदींचा आणि ठरवलेल्या गोष्टींचा: मशीनवर तोच माणूस का होता, त्याला त्या कामाचं ट्रेनिंग होतं का, माल का सोडला, कोणाला विचारून सोडला.

२. एकच घटना दोघांच्या जागेवरून बघायला शिका

ही पायरी मी चूक करून शिकलो, म्हणून सविस्तर सांगतो.

नाईट शिफ्ट होती. सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, गिअर ब्लँकचा (दाते पाडण्याआधीच्या गिअरचा) बोअर, म्हणजे मधलं भोक, फिनिश होत होता. सव्वादोनला ऑपरेटरने बोअरिंगचा इन्सर्ट, म्हणजे कापणारं बदलतं पातं, बदलला. जुना इन्सर्ट झिजत गेला की बोअर लहान यायला लागतो, म्हणून ऑपरेटर वेअर ऑफसेट, म्हणजे झीज भरून काढायला मशीनमध्ये भरायचा आकडा, थोडा थोडा वाढवत नेतो. नवा इन्सर्ट लावला की तो वाढवलेला ऑफसेट काढावा लागतो. तो काढायचा राहिला. त्यात अडीचला चहाची सुट्टी, त्यामुळे इन्सर्ट बदलल्यावरचा पहिला पीसही चेक झाला नाही. तीन चाळीसला ऑपरेटरने भोक तपासायचं प्लग गेज लावलं तर त्याची नो-गोची बाजू, जी आत जायलाच नको, ती सरळ आत गेली. बोअर मोठा. मोठ्या बोअरला रिवर्क (दुरुस्ती) नसतो, पीस भंगारात जातो.

तो माझ्याकडे पळत आला. "साहेब, नो-गो आत जायला."

मी मशीनकडे धावलो. ऑफसेट तपासला, एक पीस काढला, बोअर गेज लावलं, परत ऑफसेट दिला, परत पीस काढला. चाळीस मिनिटं मी तिथेच होतो. हात त्या कामाला सरावलेले, बरं वाटत होतं. बाजूला आमचा नवा लीडर नुसता उभा. त्याला यातलं सगळं येत होतं, पण साहेबच मशीनवर म्हटल्यावर तो काय करणार?

तेवढ्या वेळात वॉशिंगला गेलेल्या बिनमधले पीस पॅकिंगला पोचले आणि सहाच्या टेम्पोत चढले. सव्वादोनपासून निघालेल्या अडतीस पिसांपैकी काही त्यात होते. ते सापडले ग्राहक कंपनीच्या असेंब्ली लाईनवर. पुढचे दहा दिवस आमचे दोन जण तिथे जाऊन एक एक पीस गेजने तपासत बसले.

त्या रात्री काम असं वाटून जायला हवं होतं.

लीडरचं काम: मशीन थांबवणं, शेवटच्या चेक केलेल्या चांगल्या पिसापासून पुढचे सगळे पीस बाजूला काढून लाल टॅग लावणं, ऑफसेट दुरुस्त करणं, पहिला पीस मोजून क्वालिटीकडून पास करून घेणं, आणि त्याच ऑपरेटरला तिथेच मशीनवर दाखवणं की इन्सर्ट बदलल्यावर आधी ऑफसेटचं पान उघडायचं.

सुपरवायझरचं काम: मशीनकडे न जाता आधी वॉशिंग आणि पॅकिंगला जाणं. सव्वादोननंतरचा माल कुठे कुठे पोचला ते शोधून होल्ड करणं. सहाचा टेम्पो थांबवायचा की अर्धा माल घेऊन सोडायचा हे ठरवणं, क्वालिटीच्या माणसाला उठवणं, प्लॅनिंगला कळवणं. आणि सकाळी घरी जाण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर शोधणं: पहिला पीस चेक का झाला नाही? खरं उत्तर असं होतं, की त्या रात्री एक माणूस गैरहजर होता आणि तो ऑपरेटर एकटा दोन मशीन बघत होता. ती वाटणी मी केली होती. ऑपरेटरला मेमो देऊन विषय मिटवता आला असता, पण मूळ माझ्या वाटणीत होतं आणि मी रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं.

तेव्हापासून ब्रेकडाऊन झालं की मी आधी लीडरला विचारतो, "तुला काय लागतं?" माणूस, स्टोअरमधून इन्सर्ट, मेंटेनन्सला फोन, जे लागेल ते आणून द्यायचं आणि पुढचा माल बघायला निघायचं.

३. रजा, हजेरी आणि ओव्हरटाइम: शब्द देण्याआधी थांबा

लीडर असताना एखाद्याने विचारलं, "दादा, उद्या येत नाही, चालंल का?" की आपण "चालतंय" म्हणून मोकळे व्हायचो. तो शब्द सुपरवायझर निस्तरायचा. आता निस्तरणारे तुम्ही आहात.

लीडरने रजेची मागणी ऐकायची, लाईनला माणूस पुरतो का ते बघायचं आणि सुपरवायझरला सांगायचं. मंजूर करणं, नाकारणं, बदली माणूस काढणं हे सुपरवायझरचं. एक गोष्ट पहिल्याच महिन्यात करा: वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लावा आणि आपल्या भागातल्या गैरहजेरीच्या तारखा त्यावर लाल पेनाने लिहा. श्रावणी अमावस्येचा पोळा, महालक्ष्म्या, सोयाबीन काढणीचे दिवस, दिवाळीनंतरची कापूस वेचणी, पैठणच्या नाथषष्ठीची यात्रा, लग्नसराई. पोळ्याला ज्याच्या घरी बैल आहेत तो गावी जाणारच. सकाळी फोन आल्यावर चिडण्यापेक्षा पंधरा दिवस आधी बसून ठरवा: पोळ्याला कोण जाणार, महालक्ष्म्यांना कोण. दोन्ही सण एकालाच देऊ नका. मागच्या वर्षी कोणाला मिळाली नव्हती ते वहीत लिहिलेलं असू द्या. पोरं नियम मोडतात ते बहुतेक वेळा वाटणी अन्यायाची वाटली म्हणून.

ओव्हरटाइमचं थोडक्यात. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि वरच्या तासांना दुप्पट दर ही तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्यात होती आणि २०२० च्या नव्या कामगार संहितेतही दुप्पट दर कायम आहे. लीडरने परस्पर "रविवारी ये, नंतर कॉम्प ऑफ बघू" (म्हणजे बदली सुट्टी) असं कधीही म्हणू नये. सुपरवायझरने ओव्हरटाइमची स्लिप काम सुरू होण्याआधी भरावी. नंतर भरलेली स्लिप टाइम ऑफिसमध्ये अडकते आणि कामगार तुमच्या तोंडाकडे बघत राहतो.

४. सुरक्षितता: इथे मैत्री बाजूला

आमच्याच आवारात प्रेस शॉप आहे, म्हणजे साच्यात (डायमध्ये) पत्रा दाबून आकार देण्याचा विभाग. प्रेसला दोन हातांची बटणं असतात. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे दोन्ही हात डायच्या बाहेर राहतात. एका सेकंड शिफ्टला मी फेरी मारत गेलो तर एका बटणात लाकडाची बारीक खुंटी ठोकलेली. ऑपरेटर एका हाताने बटण दाबत होता आणि दुसऱ्या हाताने शीट सरकवत होता. खुंटी लावली होती तिथल्या लीडरने. माझा जुना मित्र, आम्ही बजाजनगरला एका खोलीत तीन वर्षं राहिलेलो. म्हणाला, "टार्गेट मागं पडलंय, फक्त आजच्यापुरतं."

मी प्रेस बंद केली, खुंटी काढून खिशात ठेवली, आणि मेंटेनन्सने बटणं तपासून लिहून देईपर्यंत प्रेस सुरू करू दिली नाही. दीड तास गेला. शिफ्टच्या रिपोर्टमध्ये कारण जसं होतं तसं लिहिलं. मित्र बरेच दिवस बोलला नाही. त्या ऑपरेटरची दहाही बोटं आज शाबूत आहेत, आणि मला त्याहून जास्त काही नको होतं.

इथली वाटणी पक्की लक्षात ठेवा. धोका दिसला तर मशीन थांबवायचा हक्क लीडरला आहे, ऑपरेटरलाही आहे. गार्ड काढून, सेन्सर बायपास करून मशीन चालवायची परवानगी मात्र कोणालाच नाही, तुम्हालाही नाही. थांबवलेलं मशीन परत सुरू करायचा निर्णय सुपरवायझरने मेंटेनन्सबरोबर घ्यायचा.

अपघात झालाच तर क्रम असा ठेवा:

- मशीन बंद, वीज बंद, जखमीला प्रथमोपचार आणि लगेच दवाखाना. लीडर त्याच्याबरोबर जाईल, तुम्ही जागेवर थांबा.
- जागेवरचं काही हलवू नका. फोटो काढा, आजूबाजूला कोण होतं त्यांची नावं लिहा.
- वरच्यांना आणि सेफ्टी विभागाला त्याच शिफ्टमध्ये लेखी कळवा. फोनवर सांगितलेलं पुरत नाही.
- कामगार ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा) योजनेत असेल तर त्याचा विमा क्रमांक रिपोर्टमध्ये घाला. जखम 'कामावर असताना झाली' याची नोंद नसेल तर पुढे त्याला भरपाईसाठी खेटे घालावे लागतात.

यात एक मोठा सापळा आहे. "घरी पडला असं लिही, उगाच वाढवू नको" असं सांगणारा कोणीतरी भेटेल. तसं लिहू नका. कागदावर सही तुमची असते, आणि बोट गेलेलं त्या पोराचं असतं. कारखान्यातल्या गंभीर अपघाताची माहिती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जावी लागते. ती कंपनीच पाठवते, पण तिचं मूळ तुमच्या पहिल्या रिपोर्टमध्ये असतं.

५. समज देणं आणि मेमो देणं यातलं अंतर

लीडर समज देतो, तोंडी, बाजूला घेऊन, त्याच दिवशी. सुपरवायझर लेखी नोंद करतो: तारीख, वेळ, काय घडलं, कोण हजर होतं. शब्द साधे ठेवा. 'नेहमी उशिरा येतो' असं लिहू नका, 'या तीन तारखांना इतकी मिनिटं उशीर' असं लिहा. नोटीस काढणं, चौकशी करणं हे एचआरचं काम आहे, ते अंगावर घेऊ नका. कोऱ्या कागदावर कोणाची सही घेऊ नका, कोणी सांगितलं तरी.

कंत्राटी मुलांच्या बाबतीत एक पायरी जास्त. त्यांची हजेरी, पगार आणि शिस्त ठेकेदाराच्या सुपरवायझरमार्फत चालते. तक्रार असेल तर त्याला लेखी कळवा. मशीनवर बसवण्याआधीचं ट्रेनिंग आणि सुरक्षितता मात्र परमनंटला जशी, तशीच त्यांनाही द्या.

६. होकार देण्याआधी पैशाचा आणि कायद्याचा हिशोब करा

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बढतीचं पत्र घेताना आनंदात सही होते आणि दुसऱ्या महिन्यात कळतं की ओव्हरटाइम बंद झाला. बऱ्याच कंपन्यांत सुपरवायझर स्टाफमध्ये धरतात आणि स्टाफला ओव्हरटाइम देत नाहीत. मागच्या सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा काढा, ओव्हरटाइमसकट सरासरी काढा आणि नव्या पगाराच्या शेजारी ठेवून बघा. आकडा कमी येत असेल तर सहीच्या आधी बोला.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात देखरेखीचं काम करणारा आणि ठराविक रकमेहून जास्त पगार घेणारा माणूस 'कामगार' धरला जात नव्हता. ती रक्कम २०१० मध्ये १,६०० वरून १०,००० रुपये झाली आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत ती १८,००० रुपये आहे. म्हणजे सुपरवायझर झाल्यावर, उद्या नोकरीवरून वाद झाला तर कामगार म्हणून मिळणारं संरक्षण हातून जाऊ शकतं. पण कोर्टं आजवर हेच बघत आलीत की माणूस मुख्यतः प्रत्यक्षात कोणतं काम करत होता. नुसतं पद 'सुपरवायझर' आणि दिवसभर मशीनवर ऑपरेटरचं काम, असं असेल तर नावाने सगळं ठरत नाही. म्हणून पहिल्या पायरीतल्या पाच प्रश्नांची उत्तरं लिहून जपून ठेवा.

सगळ्यात वाईट अवस्था मधली: जाब तुम्हाला, अधिकार दुसऱ्याला. माल अडवायचा अधिकार नाही, पण माल खराब गेला तर तुम्ही जबाबदार. असं असेल तर साहेबांना भांडणाच्या सुरात न विचारता ईमेलवर विचारा: "सर, शिफ्टमध्ये माल होल्ड करायचा असल्यास मी करू की आपल्याला विचारून करू, कृपया कळवावे." उत्तर कोणतंही आलं तरी ते तुमच्याकडे लेखी राहतं.

७. हे कागद आणि वस्तू जवळ असू द्या

- बढतीचं पत्र आणि जबाबदाऱ्यांची लेखी यादी. कंपनी देत नसेल तर स्वतः लिहून साहेबांना पाठवा आणि 'बरोबर आहे का' विचारा.
- तुमच्या सगळ्या लाईनचा स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कोणाला कोणतं मशीन येतं याचा तक्ता, चालू महिन्याचा.
- शिफ्ट हँडओव्हरची वही. मागच्या सुपरवायझरची आणि तुमची, दोन्ही सह्या.
- रजेचं कॅलेंडर.
- मेंटेनन्स, क्वालिटी, अ‍ॅम्ब्युलन्स, ठेकेदार यांचे नंबर कागदावर. नाईटला मोबाईल नेमका बंद पडतो.
- खिशातली डायरी. माझ्या डायरीत रोज एक पान, आणि पानाच्या शेवटी 'आज कोणाला काय शब्द दिला' ही ओळ.

८. जुन्या दोस्तांशी आणि मामांशी

लाईनवर आपल्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी माणसं असतात. त्यांना आपण कालपर्यंत 'मामा' म्हणायचो. आजही मामाच म्हणा आणि अहो-जाहो ठेवा. पण काम सांगताना मिनतवारी नको. "मामा, आज तीन नंबरला तुम्ही बसा, पोरगं नवीन आहे, त्याला बोअर गेज लावायला दाखवा" असं सरळ सांगितलं की मामा ऐकतात, कारण त्यात त्यांचा मान आहे. दोस्तांबरोबर डबा खाणं सोडू नका. फक्त रजेची आणि ओव्हरटाइमची बोलणी डब्यावर करू नका, टेबलावर करा, सगळ्यांना दिसेल अशी.

९. तुमची जुनी जागा रीतसर सोपवा

तुमच्या जागी जो लीडर आला त्याला पहिल्या आठवड्यातच लाईनची सगळी खुबी सांगा: कोणत्या मशीनचा चक (पीस धरणारा भाग) गरम झाल्यावर साईज बदलतो, कोणता ऑपरेटर न विचारता ऑफसेट बदलतो, कोणतं गेज कॅलिब्रेशनला (अचूकता तपासायला) जायचंय. लिहूनच द्या. मग त्याच्यासमोर ऑपरेटरांना सांगा की मशीनची अडचण आधी याला सांगायची. महिनाभर ते सवयीने तुमच्याकडेच येतील. दर वेळी विचारा, "लीडरला सांगितलं का?" नसेल सांगितलं तर त्याला घेऊन परत या म्हणा. माझ्या नव्या लीडरकडे पोरं आपणहून जायला लागली तेव्हा सातवा आठवडा चालू होता.